पन्नास सालच्या आधीचा कागद

“तुझे पणजोबा शाळेत गेले होते का?” हा प्रश्न मी त्या मुलीला विचारला आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. २०२३ सालचा जून संपत आला होता. आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर, समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की प्रश्न दोनदा विचारावा लागला. मुलगी बारावी शास्त्र शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिला बी. फार्म.ला जायचे होते. आई पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, कंटोली अशा रानभाज्या घेऊन गोरेगाव स्टेशनबाहेर बसते आणि इतर दिवसांत मिळेल ते काम करते. वडील माळीकाम करतात. वर्षाची फी लाखाच्या घरात. शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण, नाही तर आईशेजारी पाटी घेऊन बसणे, असा सरळ हिशोब होता.

प्रश्नाचे उत्तर आत चुलीपाशी बसलेल्या तिच्या आजीने दिले. “शालंत कोन जात व्हता, सर? रानात जात व्हते.”

मी गोरेगावात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी पाड्यांवर मुलांचे अर्ज भरून द्यायला जाऊ लागलो, ते एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाने. सुरुवातीला वाटले, अर्ज भरण्यात काय मोठेसे? चार रकाने, दोन फोटो, एक सही. वर्षभरात कळले की शिष्यवृत्तीचा अर्ज हा शेवटचा कागद असतो. त्याच्या आधी जातीचा दाखला, त्याच्या आधी वंशावळ, त्याच्या आधी आजोबा-पणजोबांचा पुरावा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक तारीख: ६ सप्टेंबर १९५०.

या तारखेला राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी काढली. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर त्या दिवशी किंवा त्याआधी आपले पूर्वज या मातीत होते आणि त्याच जमातीचे होते, हे दाखवावे लागते. पुरावा म्हणून चालते ते पूर्वजाचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा, जमिनीचा सातबारा किंवा फेरफार, सरकारी नोकरीचे सेवापुस्तक. यादी वाचताना लक्षात येते की ती ज्याने केली त्याच्या डोळ्यांसमोर शाळेत गेलेला, जमीन असलेला, सरकारी नोकरी करणारा आदिवासी होता. असा माणूस १९५० साली साष्टीच्या जंगलात शोधून सापडला असता का, याचा विचार झालेला दिसत नाही.

आमच्या घरी आजोबांचा मराठी चौथीचा दाखला चौकटीत लावलेला आहे. लहानपणी आम्ही त्याला हसायचो. आता पाड्यावर गेल्यापासून हसू येत नाही. तो कागद म्हणजे एक इस्टेटच आहे, आणि ती मला कष्ट न करता मिळाली.

आरे कॉलनी म्हटले की मुंबईकराला दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवतात, छोटा काश्मीर आठवतो, शाळेच्या सहली आठवतात. १९४९ साली ही दुग्धवसाहत उभी राहू लागली. दारा खुरोडी हे तिचे कर्ते. शहरातले गोठे उचलून इथे आणायचे आणि मुंबईला स्वच्छ दूध द्यायचे, अशी ती कल्पना, आणि ती कल्पना थोर होती यात शंका नाही. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. खुरोडींना पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दूध आले, म्हशी आल्या, गवताची कुरणे झाली. पाडे मात्र त्याआधीपासून तिथेच होते. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. सत्तावीस पाडे मोजतात. केलटीपाडा, दामूपाडा, खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा, हबाळेपाडा, नवशाचा पाडा, अशी नुसती नावे घेतली तरी आसपास कोणती झाडे नि कोणती माणसे असतील याचा अंदाज येतो.

जमीन सरकारच्या दुग्धविकास खात्याची झाली आणि तीवरची माणसे कागदावर कोणाचीच राहिली नाहीत. सातबारा नाही. गावठाण नाही. पाडा जंगलात आहे म्हणावे तर पत्ता मुंबई महापालिकेचा, आणि महापालिकेच्या लेखी झोपडी. हद्दींचा घोळ वेगळाच. हा परिसर एके काळी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडे. १९२० मध्ये उपनगर जिल्हा निघाला, १९५० आणि १९५७ मध्ये मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकली, १९९० मध्ये मुंबई उपनगर हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे पाडा जागच्या जागी बसून राहिला आणि कचेऱ्या त्याच्या भोवती फिरत राहिल्या. जुना कागद कुठे असेल याचे उत्तर ठाण्याला विचारले तर वांद्र्याकडे बोट, वांद्र्याला विचारले तर बोरीवलीकडे.

मेट्रोच्या कारशेडच्या वेळी इथल्या झाडांची मात्र काटेकोर मोजणी झाली होती. २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री तोड सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत २,१४१ झाडे पडलीही. त्या वेळी मी अनेकांसारखा घरी बसून हळहळलो. पुढे पाड्यावर जाऊ लागलो तेव्हा एका बाईने सहज म्हटले, झाडाला नंबर तरी होता. तिच्या बोलण्यात कडवटपणाही नव्हता, आणि तेच मला लागले.

आता शिष्यवृत्तीविषयी. ती उपकार म्हणून आलेली नाही, हे नव्या पिढीला सांगावे लागते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. तुम्ही कोण हे सिद्ध करा, असे त्यांना कोणी म्हटले नाही. ते कोण होते हे सगळ्यांना नको इतके ठाऊक होते. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा बाजूला काढावा, असे निवेदन दिले. १९४४ मध्ये मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९४८-४९ मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. म्हणजे योजना यादीच्याही आधीची आहे.

तिचे आकडेही पाहून ठेवावेत. आदिवासी विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क सरकार भरते, शिवाय निर्वाहभत्ता मिळतो. २०१० साली ठरलेल्या दरांप्रमाणे बी. ए., बी. कॉम.सारख्या साध्या पदवीच्या, घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा भत्ता महिना तीनशे रुपये. तीनशे रुपयांत गोरेगावहून चर्चगेटला महिनाभर जाऊन-येऊन वर एखादी वही घेता येईल. खरा आधार भत्त्याचा नाही, फी माफ होण्याचा आहे.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला साठ हजार रुपये अशी ती सुरू झाली: जेवणाचे बत्तीस हजार, राहण्याचे वीस, निर्वाहाचे आठ. चांगली योजना. पण विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथला रहिवासी नसावा, ही तिची अट. नंदुरबारहून किंवा जव्हारहून आलेल्या मुलासाठी ती योग्यच आहे. आरेतला मुलगा मात्र मुंबईकर ठरतो. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे, रात्री बाहेर पडायचे तर बिबट्याची भीती, अभ्यासाला कोपरा नाही. पण पिन कोड मुंबईचा. दाखल्यासाठी तो आदिवासी असल्याचा पुरावा पुरेसा नसतो आणि वसतिगृहाच्या पैशासाठी त्याच्या मुंबईकर असण्याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते.

एवढी तपासणी का, हेही सांगायला हवे. आदिवासींच्या जागा खोट्या दाखल्यांवर लुबाडल्या गेल्या, हे सत्य आहे. नावाच्या साधर्म्याचा फायदा घेऊन शिकल्यासवरल्या मंडळींनी मेडिकलच्या, इंजिनीअरिंगच्या, नोकऱ्यांच्या जागा घेतल्या. काही जमातींना असलेले क्षेत्राचे बंधन १९७६ साली उठले, ते खऱ्या आदिवासींना न्याय मिळावा म्हणून. पण त्या दारातून इतरही शिरले. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्यांची आणि दक्षता पथकांची रीत घालून दिली. महाराष्ट्राने त्यावर कायदा केला, तो २००१ पासून अमलात आहे. २०१७ साली बहिरा खटल्यात, खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी राखता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. चोर पकडलाच पाहिजे.

पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमात पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकली आहे. जो लबाड आहे त्याला कागद तयार करता येतात. ज्याच्या घरात कधी कागदच नव्हता तो अडकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणतात ते हेच.

तर, आमचा शोध सुरू झाला. बी. फार्म.चा प्रवेश आदिवासी प्रवर्गातून घ्यायचा तर दाखला हवा आणि त्यावर मुदतीत वैधता प्रमाणपत्रही हवे. ते आले नाही तर प्रवेश खुल्या प्रवर्गात जातो, फी पूर्ण भरावी लागते, आणि खुल्या यादीत जागा नसेल तर प्रवेशही जातो. दाखला कसाबसा मिळाला. आजोबांच्या एका जुन्या रेशनकार्डावर, पाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांवर आणि एका समंजस अधिकाऱ्याच्या सहीवर. वैधतेसाठी मात्र पन्नासच्या आधीचे काहीतरी पाहिजेच होते.

आजीचा सासरा दुधाच्या कॉलनीत गवत कापायला होता. साहेब अंगठा घ्यायचा, एवढे तिला आठवत होते. अंगठा घ्यायचा म्हणजे हजेरीपट असणार. तो शोधायला दोन महिने गेले. शेवटी एका जुन्या कपाटाच्या जागी नवे कपाट आल्याचे कळले. एका अभिलेखागारात जन्म-मृत्यूची जुनी बाडे पाहायला मिळाली. ती मोडीत. मोडी वाचणारे एक गृहस्थ पानामागे पैसे घेतात. त्यांचे पोटही त्यावर आहे, तक्रार नाही. त्यांनी बोट ठेवून वाचले: अमक्या वारल्याचा मुलगा, वय तीन, ताप. अमक्या वारल्याची बायको, बाळंतपण. अशा नोंदी एकामागून एक. वारली आहेत, मेलेले आहेत, पण पुढे नाव एकेरी, आडनाव नाही, पाडा नाही. यांतला कोणता आपला, हे कसे सांगणार? मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “सर, यातलं कुणी जगलं असेल ना? म्हणून तर आम्ही आहोत.” मी काही बोललो नाही.

धागा सापडला तो भलतीकडेच. गणपतीच्या दिवसांत पालघर तालुक्यातून एक म्हातारे पाहुणे पाड्यावर आले. पणजोबांचा धाकटा भाऊ कुळाने जमीन कसायला तिकडे गेला होता, हे त्यांचे घर. बोलता बोलता ते म्हणाले, माझ्या थोरल्या भावाला बापाने शाळेत घातला होता, मास्तर मारायचा म्हणून पळून आला. मी हातातला चहा खाली ठेवला. कधी? स्वातंत्र्याच्या आधी का नंतर? ते त्यांना सांगता येईना. झेंडा लावला त्या साली, एवढेच.

दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघे लोकलने आणि मग सहा आसनी रिक्षाने त्या गावी पोचलो. शाळा नव्या इमारतीत गेलेली. मुख्याध्यापिका बाई मात्र जुन्या वळणाच्या. त्यांनी पत्र्याची पेटी काढली. आत जनरल रजिस्टर, कसरीने जाळी केलेले, पाने एकमेकांना चिकटलेली. बाईंनी पट्टीने एकेक पान सोडवले. दीड तास लागला. १९४७ च्या जूनमधली नोंद होती. नाव, बापाचे नाव, आडनावाच्या जागी पाड्याचे नाव, जात: वारली. शाळा सोडल्याचा महिना ऑक्टोबर. कारण: सतत गैरहजर.

चार महिने! एक पोर चार महिने शाळेत बसले, मार खाऊन पळाले, आणि शहात्तर वर्षांनी त्याच्या त्या चार महिन्यांवर चुलत घरातल्या नातीचे औषधनिर्माणशास्त्र अवलंबून होते. तो पोर स्वतः कधीच वारला होता. बाईंनी उतारा लिहून शिक्का मारला आणि पैसे विचारले तर रागावल्या.

योगायोग असा की त्याच सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. पुढच्या काही महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांत रेकॉर्ड रूम उघडल्या गेल्या, मोडी वाचक बोलावले गेले, लाखो नोंदी काढून तपासल्या गेल्या. त्या मागणीच्या बऱ्यावाईटात मला शिरायचे नाही. मला दिसले ते इतकेच, की सरकारने मनावर घेतले तर जुन्या नोंदी सरकारला शोधता येतात. सत्तावीस पाड्यांची वंशावळ एकदाच बसून लावायची तर किती कारकून आणि किती महिने लागतील? जमीन १९४९ साली सरकारने घेतली. तेव्हा तिथे कोण राहत होते हे शोधण्याचे काम अठरा वर्षांच्या मुलीपेक्षा सरकारला सोपे आहे. हे काम एकदा झाले तर पुढच्या प्रत्येक मुलाला पत्र्याची पेटी शोधत हिंडावे लागणार नाही.

नोव्हेंबरात चौकशीला माणसे आली. वागायला सौजन्यशील होती, हे नमूद करतो. वंशावळ तपासली, शेजाऱ्यांना विचारले, मग देव कोणता, लग्न कोण लावते, मेल्यावर काय करता, हे प्रश्न आले. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. मुलगी गांगरली. तिला सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया येतात, पण लग्नात धवलेरी काय गाते ते तिने लक्षपूर्वक कधी ऐकलेले नव्हते. “वाघोबा” म्हणाली आणि थांबली. पुढचे आजीने सांगितले, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवणे कठीण गेले. वाघबारशीला काय करतात, हिरवा देव कुठे ठेवतात, चौक कोण लिहिते. लिहून घेणाऱ्याचे पेन मागे पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. शिक्षणाने, शहरात राहून माणसांच्या चालीरीती बदलतात. निकाल वाचून मला बरे वाटले होते. पण शहरातल्या शाळेत गेल्यामुळे मुलगी आदिवासी कमी वाटावी आणि पणजोबा शाळेत न गेल्यामुळे तो आदिवासी असल्याचे सिद्ध होऊ नये, यातली गंमत कोणत्या निकालाने मिटणार?

वैधता प्रमाणपत्र २०२४ च्या फेब्रुवारीत आले. मुदत त्याआधीच टळली होती. कॉलेजात जागा शिल्लक होत्या म्हणून प्रवेश टिकला. पहिल्या वर्षाची फी मात्र पूर्ण भरावी लागली. आईने बचतगटातून कर्ज काढले, डोरले गहाण टाकले, उरलेले तीन-चार जणांनी मिळून घातले. दुसऱ्या वर्षापासून शिष्यवृत्ती मंजूर झाली. पहिल्या वर्षाचे पैसे परत मिळावेत म्हणून केलेला अर्ज अजून फिरतो आहे. बचतगटाचे हप्ते यंदाच्या पावसाळ्यात, कंटोली चांगली आली म्हणून, जवळजवळ फिटले. डोरले अजून सुटायचे आहे.

वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाकडे वैधता असेल तर पुढच्यांचे काम बरेच हलके होते. त्यामुळे त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आता पाड्यातल्या नऊ घरांत आहे. पालघरच्या घरीही एक प्रत गेली. मुलीने मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पाणी गळत नाही अशा एकाच जागी, देवाच्या फळीवर ठेवला आहे. येत्या रविवारी मला तिच्या धाकट्या भावाचा अर्ज भरायचा आहे. या वेळी पन्नास सालच्या आधीचा कागद हाताशी आहे. फक्त आधार कार्डावर पोराच्या नावातला एक काना राहून गेलाय, तेवढा दुरुस्त करून घ्यायचा आहे.